सायलेन्सर

उखा बडगुजरने कटर बाकड्यावर ठेवला,
लग्नाला आलेली म्हातारी जीपमधून उतरवावी तसा.
"मशीन नुसतं कन्हस, हिलाल मिस्तरी.
लाकूडमा टाकं का दम सोडस."
बोरीच्या पलीकडे वठलेली चिंच आहे म्हणे,
दोघांच्या कवेत न मावणारी,
आणि ठेका अंगावर आलाय.

मी आधी हात लावत नाही. गार होऊ देतो.
गरम सायलेन्सरने केलेली सही
माझ्या मनगटावर अजून वाचता येते.

दोन बोल्ट, एक चिरकी गॅस्केट,
की डबा सुटून हातात.
आत काजळीचं घरटं,
मध्ये पत्र्याचा पडदा, त्याला करंगळीएवढं भोक.
"एवढ्याशा नाकाने," मी म्हणालो,
"तू तरी पळशील का अमळनेर ते चोपडा?"

इंजिनाच्या उघड्या दारात चिंधी कोंबली.
एक कीस आत गेला तर पिस्टन माफ करत नाही.
मग आठचं ड्रिल, दहाचं, बाराचं,
आणि कानस, कानस, कानस.
फवारणी पंपाची मोडकी नळी पडली होती,
कपाशीवर तीन हंगाम ओकून संपलेली.
तिचा दोन बोटं तुकडा पितळेने जोडला,
तोंड बाहेर, हातापासून लांब.
"ती जायी काढीच टाक ना," उखा म्हणाला.
जाळी मी तारेच्या ब्रशने घासली आणि परत बसवली.
याचे ठेके लासूरपर्यंत जातात.
चैत्रात सातपुड्याच्या गवताशी
ठिणगीची ओळख करून द्यायला मी मोकळा नाही.

लोकांना वाटतं, भोक पाडलं, झालं.
पण जो जास्त सोडतो त्याला प्यायलाही जास्त लागतं,
नाहीतर कोरडा पडतो, तापतो,
चार मिनिटं असा गातो की रस्त्यावरचे थांबावेत,
आणि कायमचा अडकतो.
निंबा कोळ्याचं मशीन मी असंच मारलं.
ते गात होतं. मी ऐकत बसलो.

म्हणून कार्बोरेटरची टोपी उपटायची,
स्क्रू पाव आटा बाहेर,
आणि पुढचं सगळं कानावर.

तीस वर्षं टू-स्ट्रोकच्या शेजारी बसून
माझे वरचे सूर गेलेत.
आधी डास गेले. मग चिमण्या.
कुकरची शिट्टी आता वाफ दिसते म्हणून कळते.
हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही.

बहिणीची पोर वैजंता, नववीतली,
शाळेतून येऊन दारात उभी राहते, सहज उभी असल्यासारखी.
एरवी मीच तिला कानात कापूस घालायला लावतो.
स्क्रू फिरवायची वेळ आली की
काढायलाही मीच सांगतो.

थ्रॉटल दाबला.
पोटभर प्यायलेलं मशीन वरच्या टोकाला फडफडतं,
वाऱ्यावरच्या ओल्या फडक्यासारखं.
लाकडात घातलं की फडफड पुसली जावी.
एके काळी मला ती दातांतसुद्धा कळायची.
वैजंताने मान हलवली. नाही.
केसभर बाहेर.
नाही.
अजून अर्धा केस.
तिने डोळे मिटले आणि करंगळी वर केली.

बाभळीच्या ओंडक्यावर धरलं.
दाबावं लागलं नाही, मशीन स्वतःच उतरत गेलं,
भुसा उडून समोरच्या सोड्याच्या गाडीपर्यंत.
प्लग काढून पाहिला, दुधाच्या चहाचा रंग.
उखाला म्हटलं, आता आवाज वाढलाय, कानाला काही बांध.
तो हसला.
मीही तेव्हा असाच हसलो होतो, आणि उस्तादाने
पुढे काही सांगितलं नव्हतं.
मी सांगितलं. दोनदा. मनगट धरून.
पैसे मोजले, त्यातले वीस वैजंताने
न विचारता उचलले.

संध्याकाळी ती वहीतून मान वर करून म्हणाली,
"मामा, उखाजिभाऊनं मशीन वाजी ऱ्हायनं."
"कुठे?"
तिने पेन्सिल नदीकडे केली.
मी तिकडे तोंड केलं. पाणी होतं थोडं,
पलीकडे धूळ, आणि हळू तिरकं होत चाललेलं
एक काळं झाड.
"फडफडतंय?"
"नही. लाकूडमा से,"
ती म्हणाली, आणि परत भूमितीकडे वळली.